टाकीत नुसतं पेट्रोल

“निरोप पोचवायचा तर आधी निवडून घ्यायचा, उर्मिले. खडे काढ, मग पुढे कर. ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा आला, की त्या घरात कुणाला घास गोड लागत नाही.”

आईने हे सांगितलं तेव्हा उर्मिलाच्या हातांवरची मेंदी अजून ओली होती, आणि सासरचा निरोप म्हणजे काय ते तिला धड ठाऊकही नव्हतं. भाईंदरला गोडदेवच्या या घरात आल्यावर कळलं. त्यातून मामंजींच्या वर्षश्राद्धापासून थोरले जितेंद्रभाऊजी आणि तिचा नवरा गुणवंत यांचं बोलणं बंद झालं, तेव्हापासून ती दुसरं काही करो न करो, निरोप निवडत बसलेली असे.

अबोल्याचं कारण पडवीतच उभं होतं. मामंजी मिठागरांवर देखरेखीच्या नोकरीला. खाडीच्या बांधांवरून त्यांची येझदी मोटरसायकल उभी हयात फिरली आणि खाऱ्या वाऱ्याने तिचे पत्रे खाऊन टाकले. ते गेले. वर्षश्राद्धाचे गुरुजी उंबऱ्याबाहेर पडतायत न पडतायत, तोच जितेंद्रने भंगारवाल्याला पडवीत आणून उभा केला. “अडगळ आहे नुसती. डास होतात तिच्याखाली,” तो म्हणाला. गुणवंत गाडीला आडवा झाला. शब्दाने शब्द वाढत गेला तो थेट “तू बापालाही असाच वजनावर घातला असतास” इथवर. त्याला आता पाच वर्षं होत आली. जितेंद्र बँकेतला, मीरा रोडला शांतीनगरात फ्लॅट करून राहिलेला. गुणवंत भाईंदरच्याच एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. गाळा वसईला हलला तेव्हा हा मागे राहिला. मिळेल ते काम करायचा, आणि उरलेला सगळा वेळ पडवीत त्या गाडीपुढे उकिडवा बसायचा.

त्याने ती नटानटाने उघडली. चाकांच्या कड्या स्वतःच्या हाताने घासून आरशासारख्या केल्या. सायलेन्सरमधली वर्षानुवर्षांची काजळी कॉस्टिक सोड्यात उकळून काढली. नवा पिस्टन बसवला, सिलिंडर बोअर करून आणला. टाकी मात्र उर्मिलाने साफ केली. देवाची तांब्याची भांडी ती चिंचेने घासायची, तशीच तिने टाकीत चिंचेचं पाणी आणि मूठभर जुने नट घातले आणि टाकी मांडीवर घेऊन खुळखुळ हलवत बसली. गंजाचं तांबडं पाणी निघत राहिलं. गुणवंत म्हणाला होता, “तुझ्या देवांपेक्षा हिला जास्त लागलं बघ.” त्याला हसताना तिने कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं.

आणि निरोप चालू होते. इंदुबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा गुणवंत म्हणाला, “कळव त्याला. यायचं तर ये म्हणावं, नाहीतर हिंडत बस बायकोला घेऊन.” उर्मिलाने फोनवर सांगितलं, “भाऊजी, हे म्हणत होते, दादा जवळ असला की धीर येतो.” तिकडून जितेंद्र म्हणाला, “बघतो. मला काय तेवढंच काम आहे?” घरात येऊन ती म्हणाली, “रजा मिळाली की येतोच म्हणाले. आईंचं फार विचारत होते.” इंदुबाईंचा चेहरा उजळायचा. ते बघायला मिळावं म्हणून उर्मिलाने आणखी कितीतरी केलं असतं.

खोटं बोलू नये, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहाटे उठून स्नान, स्तोत्र, तुळशीला पाणी. गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि चातुर्मासात मौनभोजन, म्हणजे पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एवढं पाळणारी बाई ती. पण हे खोटं नव्हे, निवडणं आहे, असं ती स्वतःला समजावत आली. सुरुवातीला नुसते खडे काढायची. पुढे कधी चिमूटभर साखर घालू लागली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी ती दाराला झेंडूचं तोरण बांधत होती. गाडी कालच पुरी झाली होती. आज तिची पूजा, आणि पूजेला इंदुबाईंनी हट्टाने थोरल्यालाही बोलावलं होतं. गुणवंत गाडीशी बसून वैतागलेला.

“काय हो, झालं काय?”

“टाकीतून अजून बारीक गंज येतोय. काल ऑइल मिसळून भरलेलं पेट्रोल सगळं ओतून टाकलं. आता नुसतं पेट्रोल घालून खळबळून ठेवलंय.” तो चिंधीला हात पुसत उठला. “फिल्टर आणि ऑइल घेऊन येतो काशीमीऱ्याहून. आज दुकान पूजेपुरतंच उघडेल.”

“भाऊजी येतील एवढ्यात.”

“म्हणूनच सांगतोय, ऐक. त्याला सांग, गाडीला हात लावायचा नाही. टाकीत ऑइल नाहीये. या गाडीला ऑइल पेट्रोलातनंच मिळतं. नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टन जाम होणार. आणि हेही सांग, पाच वर्षांत एक पाना हातात धरला नाहीस, आता मालकासारखा किक मारायला पुढे येऊ नकोस. असंच सांग.”

“सांगते.”

“अस्संच.”

“हो म्हटलं ना! जा तुम्ही, दुकान बंद होईल.”

तो सायकल काढून गेला, आणि पुऱ्यांची कणीक तिंबता तिंबता उर्मिला सवयीने निरोप निवडायला बसली.

जितेंद्र आणि त्याची बायको निशिगंधा आले ते श्रीखंडाचा मोठा डबा घेऊन. निशिगंधाने पडवीतच गॉगल वर केला. “अगंबाई, हीच का ती? मला वाटलं भाऊजींनी नवी काढली. अहो, तुम्ही हिला भंगारात घालायला निघाला होतात!”

“तुला बोलायला सांगितलंय कुणी?” जितेंद्र पुटपुटला. तो गाडीभोवती एक फेरी फिरला. मग हळूच हँडलवर हात ठेवला. “आरसा तोच आहे. बाबांचा. मी लहानपणी तडा पाडला होता... तो तडाही आहे.” त्याने उर्मिलाकडे पाहिलं. तिने हे डोळे या घरात फार वर्षांत पाहिले नव्हते. “गुण्या कुठंय?”

“काशीमीऱ्याला गेलेत, येतीलच.”

“माझ्यासाठी... काही म्हणाला का?”

उर्मिलाच्या ओठांवर निरोप होता. हात लावू नको, एक पाना धरला नाहीस, मालकासारखा येऊ नकोस. हा एवढा मोठा खडा ती या माणसाच्या हातावर कसा ठेवणार? आजच्या दिवशी, तो असा बापाच्या आरशातल्या तड्यावरून बोट फिरवत असताना? तिने तो सगळाच्या सगळा उचलून बाजूला टाकला. त्यात पेट्रोलही गेलं, ऑइलही गेलं.

“म्हणाले,” ती हळू आवाजात बोलली, “दादाला सांग, या दिवसाचीच वाट बघत होतो. पहिली किक थोरल्याची.”

“असं म्हणाला?”

“तुम्ही थोरले आहात, भाऊजी.”

जितेंद्र उगाचच निशिगंधावर खेकसला, “त्या चपला बाजूला ठेव, पूजेची जागा आहे.”

आतून इंदुबाई काठी टेकत आल्या. मुलाने वाकून नमस्कार केला तशी त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “वाळलास रे जितू. उर्मिला सांगतच असते, काम फार आहे म्हणून. दर गुरुवारी माझ्या गुडघ्याचं न चुकता विचारतोस, पुरे आहे मला तेवढं.”

जितेंद्रला काही कळलं नाही. उर्मिला घाईघाईने म्हणाली, “आई, हळदीकुंकवाचं ताट आणते,” आणि आत गेली.

मुहूर्त टळून जाईल म्हणून गुणवंतची वाट न पाहताच पूजा उरकली. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. इंदुबाई म्हणाल्या, “मार किक. तुझ्या बापाचा आवाज ऐकू दे मला.” उर्मिला तेव्हा आत पुऱ्या तळत होती. एक किक, दुसरी, आणि मग तो आवाज आला. टपटपटप असा, दोन्ही सायलेन्सरांतून, भिंती हलवणारा.  उर्मिलाने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

हात जोडलेलेच होते, आणि मग तिला ते आठवलं. नुसतं पेट्रोल.

झारा हातात घेऊनच ती बाहेर धावली. मामंजी निघाले की गल्लीत जळक्या ऑइलचा निळा धूर दाटून राहायचा, पलीकडच्या बायका ओरडायच्या. आज धूर जवळजवळ नव्हताच. “भाऊजी!” ती म्हणाली. पण जन्मभर कधी मोठ्याने न बोललेल्या बाईचा तो आवाज. तिच्याच कानापुढे गेला नाही. गाडी कोपऱ्यावरून वळली होती. निशिगंधा टाळ्या वाजवत होती.

“काय गं, घाबरलीस?” इंदुबाई म्हणाल्या. “येईल फेरी मारून.”

तो आला रिक्षातून. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं, तळहातात खडी रुतलेली. मागून टेम्पोत गाडी. मागचं चाक चालता चालता एकाएकी अडकलं होतं आणि गाडीने त्याला रस्त्यावर फेकून दिलं होतं. मागून ट्रक येत नव्हता म्हणून बरं. निशिगंधाने एकदम गळा काढला. आणि त्याच वेळी गुणवंत हँडलला ऑइलचा डबा अडकवलेली सायकल घेऊन दारात उभा राहिला.

त्याने कुणाकडेही पाहिलं नाही. टेम्पोतून गाडी उतरवून घेतली, किकवर पाय ठेवून भार दिला. किक हलली नाही. पुन्हा भार दिला. मग तो पाय तसाच ठेवून उभा राहिला, आणि त्याच्या मानेची शीर तटतट उडताना उर्मिलाला लांबून दिसली.

“उर्मिला,” तो म्हणाला, “विचार त्याला. मुद्दाम केलंस ना?”

“उर्मिला,” जितेंद्र कोपर धरून म्हणाला, “सांग त्याला, मुद्दाम कुणी केलं ते देवाला ठाऊक. मरता मरता वाचलोय मी.”

ती दोघांच्या मधे उभी होती. तोंड उघडलं, पण इंदुबाईंची काठी आपटली. “बास! सणाच्या दिवशी भरलेलं ताट टाकून कुणी जाणार नाही. जितू, हात धू. गुणा, तूही. उर्मिला, आज तूही बरोबरच बस. आधी जेवा, मग काय एकमेकांचे गळे धरायचे ते धरा.”

वाढून झालं. उर्मिलाही बसली, आणि इंदुबाईंच्या धाकाने सगळ्यांबरोबर तिनेही पहिला घास घेतला. तोंड मिटलं. आता हात धुईपर्यंत बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला बरंच वाटलं.

एका बाजूला नवरा, एका बाजूला दीर.

“उर्मिला, त्याला म्हणावं, गाडी तुझ्या डोळ्यांत आधीपासनंच सलत होती.”

ती खाली मान घालून पुरी मोडत राहिली.

“उर्मिला, त्याला म्हणावं, माझा हात मोडला असता तर बँकेत तू जाणार होतास का सह्या करायला?”

पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडाला आणि तिथेच राहिला.

“अगं सांग ना!” दोघेही एकदमच म्हणाले, आणि एकमेकांचा आवाज ऐकून दचकले.

“मौन आहे तिचं,” इंदुबाई म्हणाल्या. “चार महिने बोलत नाही जेवताना. घरातलंच माणूस, आणि ठाऊक नाही तुम्हाला?”

“वा!” निशिगंधा म्हणाली. “सोय चांगली आहे. आम्हाला गोड गोड बोलून घोड्यावर बसवायचं, आणि घोडा उधळला की मौन! ‘पहिली किक थोरल्याची’ म्हणे! भाऊजी, एवढा मान नको होता हो आम्हाला.”

गुणवंतचा हात ताटातच थांबला. “कसला मान? कोण म्हणालं पहिली किक थोरल्याची?”

“तूच म्हणालास ना?” जितेंद्र म्हणाला, आणि ते तो भिंतीकडे बघून नाही, सरळ भावाकडे बघून म्हणाला.

“मी म्हणालो, हात लावू नको! टाकीत नुसतं पेट्रोल होतं. ऑइल नव्हतं. सांगितलं नाही तुला?”

मग सगळी उर्मिलाकडे बघू लागली.

हात धुवायला उठता आलं असतं. खाली मान घालून बसूनही राहता आलं असतं. व्रताच्या बाईला कुणी बोलायला भाग पाडलं नसतं. तिने तोंडातला घास गिळला. देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं.

“यांनी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी नाही सांगितलं. पहिली किक तुमची, हे माझ्या पदरचं. भाऊजी, तुम्ही तसे हात लावून उभे होतात... मला नाही जमलं.”

 ताटलीवर वाटी घासल्यासारखा इंदुबाईंच्या घशातून आवाज आला.

“पदरचं,” जितेंद्र म्हणाला. “हे आजचंच, का...?”

तिच्या चेहऱ्यावर उत्तर उमटलंच असावं. कारण गुणवंतने ताट पुढे सारलं आणि भावाकडे वळला.

“माझा गाळा हलला तेव्हा तू निरोप दिला होतास. काळजी करू नको म्हणावं, मी बसलोय ना.”

“मी? मी म्हटलं होतं, मला सांगून काय उपयोग, मी काय नोकऱ्या वाटतो?” जितेंद्र हसला, पण ते हसणं अर्ध्यातच तुटलं. “आणि आईच्या ऑपरेशनला, ‘दादा जवळ असला की धीर येतो’?”

“यायचं तर ये, नाहीतर हिंडत बस बायकोला घेऊन. असं म्हणालो होतो मी.”

“बघा!” निशिगंधा म्हणाली.

“माझ्या वाढदिवसाला ‘औक्ष मागितलंय देवाकडे’?” जितेंद्रने विचारलं.

“मला तुझा वाढदिवस ठाऊकसुद्धा नाही. गणपतीत, ‘घर लहान पडतं, नाहीतर सगळ्यांना बोलावलं असतं’?”

“बोलवायचं मनातच नव्हतं.”

असं एकेक दोघांनी काढलं, लहानपणी खिशातल्या गोट्या जमिनीवर ओतायचे तसं. प्रत्येक गोटी ओळखून बाजूला ठेवली; ही तुझी नाही, ही माझी नाही. उर्मिला ऐकत होती. पाच वर्षं तिने ज्यासाठी उपास केले, ते समोर चाललं होतं. दोघे भाऊ ताटांपलीकडून एकमेकांशी बोलत होते, एकाने वाक्य सुरू करावं आणि दुसऱ्याने पुरं करावं. आणि दोघेही एकाच बाजूला होते.

“मूर्ख बनवलं तिने आपल्याला,” जितेंद्र म्हणाला.

“हो,” गुणवंत म्हणाला.

“आणि मला?” इंदुबाई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. “दर गुरुवारी फोन यायचा जितूचा. गुडघ्याचं विचारायचा. शेक घेतला का, गोळी घेतली का. उर्मिला उचलायची. मी विचारायची, काय गं म्हणत होता...” त्यांनी थोरल्याकडे बघितलं. “तू करायचास ना रे?”

जितेंद्र श्रीखंडाच्या वाटीकडे बघत राहिला.

“करायचे हो, आई,” निशिगंधा मधेच म्हणाली. सबंध दुपारभर टोचून बोलणारी ती बाई आता नजर चुकवत होती. “हे नाही तर मी करायचे. अधूनमधून. उर्मिलाशी बोलून घ्यायचे.”

“तू तरी नको गं आता,” इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी ताटावर पाणी फिरवलं. “त्या गुरुवारांवर मी पाच वर्षं काढली.” काठी धरून त्या उठल्या, आणि उर्मिला आधाराला धावली तेव्हा तिचा हात त्यांनी नुसता बाजूला केला. रागाने नाही. दारावरचा पडदा करावा तसा.

जितेंद्र-निशिगंधा गेले. सोन्याची पानं कुणी कुणाला दिली नाहीत. भावाच्या अंगावरून जाताना जितेंद्र क्षणभर थबकला, पण गुणवंत गाडीशी बसून पाने चालवत होता, त्याने मान वर केली नाही. जे काय बोलायचं होतं ते मघाशी बोलून संपलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्याने इंजिन उघडलं. सिलिंडर निघता निघेना; लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने काढावा लागला. मग त्याने हाक मारली. “ये इकडे. बघ.”

नव्या पिस्टनवर उभ्या रेघा उमटल्या होत्या, मांजराने ओरबाडल्यासारख्या. त्याने तिचं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं. जोरात नाही, पण सोडलंही नाही.

“कोणासाठी करत होतो मी ही गाडी?”

“मामंजींसाठी.”

“बाबा गेले ते गेले. त्यांना काय कळणार? दादासाठी करत होतो.” तो गाडीकडे बघत बोलत होता. “तोंडाने म्हणायचो काय वाट्टेल ते. पण तू येऊन सांगायचीस, दादा असं म्हणाला, दादाने तसं विचारलं. मला वाटायचं, आतून तो तसा नाही. मग माझ्या आतूनही काहीतरी हलायचं. आज ऑइल घालून गाडी त्याच्याच हातात देणार होतो. सकाळी तुला जे बोललो ते... मला असं बोलल्याशिवाय देताच आलं नसतं.” त्याने पिस्टन खाली ठेवला. “आता समजलं. तो तसाच आहे. मीही तसाच आहे. मधे तू होतीस नुसती.”

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

“चुकलं तर आता शब्द दे. इथून पुढे जे सांगेन ते जसंच्या तसं. एक अक्षर इकडे नाही, तिकडे नाही. तो जे म्हणेल तेही तसंच आणायचं. देवापुढे सांग.”

ती देव्हाऱ्यापाशी गेली. सकाळची फुलं कोमेजली होती. चातुर्मासातलं एक व्रत आज मोडलं होतं, त्याचं प्रायश्चित्त अजून विचारायचं होतं. तिने दुसरं घेतलं. “जसंच्या तसं सांगेन,” ती म्हणाली. तो पडवीतून ऐकत होता.

“मग आत्ताच जा. फोनवर नको. समोर उभं राहून सांग. म्हणावं, तुझं-माझं नातं होतं ते हिने बनवलेलं होतं. ते संपलं. आता माझ्या दारात यायचं नाही. मी मेलो तरी यायचं नाही.”

“अहो...”

“काय शब्द दिलास?”

तिने पदर खांद्यावरून घेतला. आतल्या खोलीत इंदुबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या होत्या. दिवा लावलेला नव्हता. उर्मिलाने तो लावला, आणि त्यांच्या पायाशी वाकली.

“जितूकडे चाललीस?”

“हो.”

“मला त्याचं येऊन काही सांगू नको,” त्या म्हणाल्या. “खोटं नको, आणि खरंही नको.”

“बरं, आई.”

ती बाहेर पडली. गल्लीत मुलं एकमेकांना सोनं देत होती, एकाने तिच्याही हातात पान ठेवलं. तिने ते पदराच्या टोकाला बांधलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चालत राहिली. ओठ हलत होते. समोरून येणाऱ्या शेजारणीला वाटलं, काहीतरी स्तोत्र म्हणत असेल, म्हणून तिने वाट दिली. निरोप निवडायचा नसला की तो पाठ करावा लागतो, हे उर्मिलाला आजवर कधी ठाऊकच नव्हतं. तुझं-माझं नातं होतं ते हिने बनवलेलं होतं. ते संपलं.

नाक्यावर रिक्षा उभी होती.

“किधर, बहेनजी?”

“शांतीनगर.”

ती आत बसली. मधलं एक वाक्य निसटलं होतं. तिने डोळे मिटून ते शोधलं, आता माझ्या दारात यायचं नाही, ते जागेवर ठेवलं, आणि रिक्षा सुरू झाली तशी पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणायला लागली.